मैनाबाईनं सोडलेला आलू

मैनाबाई माळिणीच्या हातचे आलू खाऊन ज्यानं बोटं चाटली नाहीत, असा माणूस अमरावतीच्या कॅम्पाखालच्या माळीवस्तीत त्या काळी शोधून सापडला नसता. आणि ती स्वतः मात्र आलूचा तुकडा जिभेवर ठेवत नव्हती. सगळ्यांना वाढायची आणि अंबाडीच्या भाजीचा गोळा घेऊन आपण बाजूला बसायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईला आलू सोसत नसतील. पण तसं नव्हतं. तिनं आलू सोडले होते, पोरगा परत येईपर्यंत.

तिच्या नवऱ्याच्या, नत्थुजीच्या, घराण्यात ती रीतच होती. घरातला पुरुष लांबच्या वाटेला निघाला की घरातल्या मोठ्या बाईनं त्याच्या आवडीचा एक जिन्नस सोडायचा. तो सुखरूप परतला की त्यानंच आपल्या हातानं त्या जिनसाचा पहिला घास तिला भरवायचा. मैनाबाईच्या सासूनं एकदा गूळ सोडला होता आणि सासरा माहूरहून येईस्तोवर पुरणपोळीच्या सणालासुद्धा ती कोरडी भाकरी चावत बसली होती. अशा घरात मैनाबाई सून म्हणून आली, तिथंच म्हातारी व्हायला लागली आणि एक दिवस सोडायची पाळी तिच्यावर आली.

झालं असं की सातासमुद्रापार कोणाची तरी लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मग काय विचारता! ज्याच्या अंगात काल धड बंडी नव्हती तो आज रेशमी पागोटं बांधून बाजारात मिरवू लागला. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवणारे महाभागही निघाले म्हणतात, खरंखोटं तेच जाणोत. जो तो ज्वारीचं वावर मोडून कापूस पेरत सुटला. कापूस शिजवून खाता येत नाही, एवढं साधं शहाणपण गावात कोणापाशी उरलं नव्हतं.

नत्थुजीनं तेवढं आपलं बागाइत मोडलं नाही. त्याच्या विहिरीवर वांगी, कांदे आणि आलू पिकायचे. आलू म्हणजे तेव्हा साहेबलोकांचं खाणं. कॅम्पातला खानसामा येऊन पोत्यानं घेऊन जायचा. गावातली म्हातारी माणसं त्या कंदाला नाक मुरडायची. नत्थुजीच्या घरीही खणताना खुरप्यानं कापलेले चार दोन उरले तरच चुलीत पडायचे. भगवंताला, म्हणजे मैनाबाईच्या एकुलत्या एका पोराला, ते भारी आवडायचे. पण त्याला वांग्याचं भरीत त्याहून जास्त आवडायचं, हे ध्यानात ठेवायला हवं.

भगवंता कापसाच्या गाड्यांबरोबर खानदेशात जायला निघाला. गाडीवानांना तेव्हा मागेल ते मिळत होतं; पण त्याला भाड्यापेक्षा आगगाडी पाहायची होती. बैलावाचून गाडी चालते म्हणजे काय, ते त्याला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्याची बायको सुभद्रा तेव्हा नुकतीच नांदायला आली होती. ती दाराआड उभी राहून पदराचं टोक चावत होती. अंगणात गाडी जुंपलेली, रामराव गाडीवान घाई करतोय, आणि मैनाबाईनं अजून काय सोडायचं ते सांगितलेलं नाही.

तिच्या मनात आलं, वांगी सोडली तर रोजचीच पंचाईत. भाकरीवर दुसरं काही नसलं तरी वांगं असतंच. आलू काय, सणावारीसुद्धा नशिबात नसतात. ती मोठ्यानं म्हणाली, "आलू सोडला!"

भगवंता गाडीवर बसल्या बसल्या हसला. "माय, लयच सोपं सोडलं वं तू!"

सगळे हसले, तीही हसली. गाड्या नाल्यापलीकडे गेल्या.

चैत्रात गाड्या परत आल्या तेव्हा भगवंताची गाडी दुसराच कोणी हाकत होता. रामराव पागोटं हातात घेऊन दारात उभा राहिला.

"काकू, बाळापूरच्या अलीकडं त्याले पटकीची मरी लागली. धर्मशाळेत टेकवलं, उशाशी पाण्याचं गाडगं ठेवलं. मालधनी थांबू देईना. परतीनं आलो तं तो तठी नव्हता."

"मेला का?"

"कोणं पायलं नाई, काकू."

"पायलं नाई तं मेला नाई," मैनाबाई म्हणाली आणि आत जाऊन चुलीपुढं बसली.

नत्थुजी पायी बाळापूरला जाऊन आला. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं, बाबा, त्या पंधरवड्यात इतकी माणसं गेली की कोणाला कुठं नेलं हे कोणी सांगू शकत नाही. काही बरी होऊन उठूनही गेली. उठून गेली, एवढंच मैनाबाईनं ऐकलं. बाकीचं तिनं कानाआड केलं. सुभद्राच्या कपाळी कुंकू तसंच राहिलं, हातात बांगड्या तशाच राहिल्या, आणि कोणी रडायचं नाही असा तिनं घराला दम भरला. रडलं म्हणजे मेला असं होईल, असं तिला वाटायचं.

त्यातच दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. खानसाम्यानं त्या साली दुप्पट आलू लावायला सांगितले होते. पीक दणकून आलं आणि कॅम्पातली पलटण उठून दुसरीकडे गेली. खानसामाही गेला. घरात पाय ठेवायला जागा नाही इतके आलू, आणि ज्वारी पाहावी तर बाजारात दिसेना, कारण सगळ्या वावरांत कापूस पेरला होता. वस्तीतल्या एकेकाच्या घरी रेशमी पागोटं खुंटीला आणि शिंक्यात मात्र काही नाही, अशी तऱ्हा झाली.

मैनाबाई कंबर खोचून उठली. पोराचं दुःख तिला हातपाय गाळून करता येत नव्हतं, तो तिचा स्वभावच नव्हता. तिनं बाजेखालच्या अंधारात वाळू पसरली, वाळूत कडुनिंबाचा पाला घातला आणि त्यात आलू एकमेकांना न लागतील असे मांडले. उन्हात पडून हिरवा झालेला आलू ती बाजूला फेकायची. तो गुरालाही घालू नका म्हणायची. दर दोन दिवसांनी सुभद्रा बाजेखाली शिरून नासका हुडकून काढायची. एक नासका राहिला तर दहा घेऊन जातो, हे तिला सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलं.

मग रांधणं. ज्वारीचं पीठ मूठभर असलं की मैनाबाई उकडलेला आलू गरम असतानाच कुस्करून त्यात मळायची. गार झाला की तो चिकट होतो आणि भाकरी तव्यावर फाटते. दोन भाकरींच्या पिठात चार व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहायच्या. कण्या शिजत आल्या की त्यात बारीक फोडी टाकायच्या, वरून ताक आणि जिऱ्याची फोडणी. अंबाडीच्या भाजीत आलू घातला की तिचा आंबटपणा तो शोषून घेतो आणि भाजी पुरवठ्याला येते. सालं ती फेकत नसे. धुऊन, तव्यावर तेलाच्या चार थेंबांत कुरकुरीत करून, तीळ, लाल मिरची आणि लसूण घालून पाट्यावर वाटली की चटणी तयार. आणि ऊन कडक झालं तसं तिनं पातळ चकत्या मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन बाजेवर जुन्या धोतरावर वाळत घातल्या. त्या मडक्यात भरून ठेवल्या की पावसाळाभर चिंता नाही. तळा, नाहीतर भिजवून रस्सा करा.

हे सगळं चाखल्याशिवाय! जिभेला न लावता ती मीठ घालायची. सुभद्रा चाखून सांगायची, थोडं पाहिजे, झालं, पुरे.

वास सुटला की शेजारची पार्बताबाई कुंपणापाशी यायची. एरवी तिचं आणि मैनाबाईचं विळ्याभोपळ्याचं नातं. पण पोटाला कुठली भांडणं? "मैनाबाई, मले बी दोन दे वं. अन् कसं करते ते सांग." मैनाबाई चार शिव्या घालून दोनाऐवजी टोपलीभर द्यायची. साहेबाचा कंद म्हणून नाक मुरडणारी म्हातारी माणसं त्या उन्हाळ्यात दिवसाउजेडी वाडगी घेऊन तिच्या दारी आली. त्या वर्षी वस्तीत उपाशी कोणी राहिलं नाही.

उपाशी राहिली ती एकटीच. अंबाडी उन्हानं करपली की तिच्या वाट्याला ताकाचं पाणी आणि कांदा. ज्वारीची कोरी भाकरी आठवड्यातून एखादी व्हायची, ती नत्थुजी तिच्यापुढं सरकवायचा. तिची गालफडं बसली, हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सुभद्रा हात जोडायची. "आत्याबाई, एक घास घ्या. मी कोणाले सांगत नाई."

"देवाले कोण सांगन मंग? तो काय आंधळा हाय?"

एका दुपारी नत्थुजी, जो दिवसात चार शब्द बोलला तर पुष्कळ, तिच्याजवळ येऊन बसला. "खाय वं," तो म्हणाला. "देव इतका हलकट नाई."

तेव्हा तिचा बांध फुटला. पण रडली नाही ती. नुसती बोलत सुटली. "म्या देवाशी चालबाजी केली. वांगं सोडाचं सोडून आलू सोडला. सोपं म्हून सोडला. पोट्टा म्हणे, लयच सोपं सोडलं. आता देवानं घर भरून आलू देल्ले. म्हणे, आता पाळ! आता पाळून दाखवते म्या. म्या पाळलं तं त्याले पोट्टा धाडाच लागन."

पोरगा हातचा गेल्याचं नत्थुजीला केव्हाच कळलं होतं. तो उठला आणि विहिरीवर जाऊन रिकामीच मोट ओढत बसला.

दुसऱ्या वर्षी कोंब फुटलेले आलूच त्यानं बियाण्याला लावले. आता वस्ती खात होती, तेव्हा पीक वाया जायची भीती नव्हती. त्याच सुमारास बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली. सगळी अमरावती जत्रेला जावी तशी ती बघायला लोटली. मैनाबाई वाफवलेले आलू फडक्यात बांधून सुभद्राला घेऊन गेली. सुभद्राला वाटलं, सासूला गाडी बघायचीय. गाडी आली, धूर आला, बाया किंचाळल्या, पोरं आयांच्या लुगड्यात शिरली. मैनाबाईनं इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघत होती. एकेक तोंड ती नीट बघायची आणि सोडून द्यायची. माणसं संपली, गाडी रिकामी झाली, तरी ती दारांकडे बघत राहिली.

"आत्याबाई, चला आता," सुभद्रा म्हणाली.

"त्याले गाडीची लय हौस होती," मैनाबाई म्हणाली. "इतकी जवळ आली गाडी, अन् तो आला नाई. जिता असता तं आला नसता का?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. फडक्यातले आलू तिनं हमालांना वाटून टाकले. त्या दिवसापासून तिच्या मनाला वाळवी लागली, पण तोंडानं ती कबूल होईना.

लढाई संपली, कापसाचा भाव धाडकन पडला, रेशमी पागोटी जुनी झाली आणि लोक मुकाट पुन्हा ज्वारी पेरू लागले. तिसरी संक्रांत आली. पार्बताबाई वस्तीतल्या बायांना वाण देत होती. सुभद्रा रांगेत बसली होती. पार्बताबाई तिच्यापुढं आली, थांबली, करंडा हातात तसाच धरून म्हणाली, "तुले लावू का नको, समजत नाई वं पोरी. सवाशीण म्हणू का काय म्हणू?" आणि पुढच्या बाईकडे गेली. तिच्या मनात खोट नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

मैनाबाईनं पार्बताबाईच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण घरी येऊन पाहते तर सुभद्रा बाजेखाली शिरून नासके आलू हुडकत होती, आणि हुडकता हुडकता तिचा खांदा हलत होता. विशीही न ओलांडलेली पोर ती. कोणाची बायको नाही, कोणाची रांड नाही, कोणाची आई नाही. दिवसभर सासूच्या तोंडाकडे बघून मीठ सांगणारी.

त्याच महिन्यात सुभद्राचा बाप सूर्यभान चांदूर बाजारहून आला. संगतीला जातीचे दोन पंच. अकोल्याकडचा शेषराव नावाचा माळी बायको वारल्यापासून एकटा होता, विहीर होती, स्वभावानं गरीब होता. सुभद्रानं त्याच्याशी पाट लावावा अशी सूर्यभानची इच्छा. माळ्यांत विधवेला पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, मोकळीक होती. पण आधी ती विधवा तर ठरायला हवी.

पंचांनी ओसरीवर बसून तोड सांगितली. "नत्थुजी, आमी दोन साल हेच म्हणून राहिलो. मायनं सोडलं हाय तोवर पोरगा हाय. मायनं खाल्लं तं नाई. जात दुसरा पुरावा मागत नाई. कोणी मैनाबाईवर जबरी करू नये."

"म्या जात नाई कोठी," सुभद्रा आतून म्हणाली. "मले पाट नको. आत्याबाईले कोणी काई म्हणू नका."

सूर्यभान हात जोडून उभा राहिला. "इहीनबाई, पोरगी माही हाय. मले दुसरं काई बोलता येत नाई."

मैनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं. म्हणाली, "बसा जेवाले. भरल्या घरून पाव्हणा उपाशी जात नसते."

तिनं स्वयंपाक केला. आलूचा रस्सा, जवसाची चटणी, भाकरी. रस्सा उकळला तशी सुभद्रा सवयीनं पळीतलं चाखायला पुढं आली. मैनाबाईनं तिचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे. आज नको."

पुरुषांना वाढलं. नत्थुजीला वाढलं. मग तिनं आणखी एक ताट घेतलं, त्यात रस्सा वाढला आणि ती भर ओसरीत, सगळ्यांसमोर, मांडी घालून बसली. पुरुषांच्या पंगतीत बाई बसत नाही. सगळ्यांचे घास हातातच राहिले. नत्थुजीनं मान खाली घातली.

मैनाबाईनं आलूची फोड उचलली. रस्सा मनगटावरून ओघळला. तिनं फोड तोंडात घातली.

आतून सुभद्रा धावत आली. तिला सासऱ्याचं भान नाही, बापाचं नाही, पंचांचं नाही, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं गेला. अडीच वर्षं ज्या घासासाठी तिनं हात जोडले होते, तोच बाहेर काढायला ती सासूच्या गालात बोटं खुपसू लागली.

"थुका! आत्याबाई, थुका! तो येऊन राहिला असन! वाटेत असन तो! थुका ना वं माय!"

मैनाबाईनं दात घट्ट आवळले. एका हातानं पोरीची दोन्ही मनगटं धरली. घास उतरता उतरेना. घशाशी येऊन थांबला, परत आला. तिनं लोटी तोंडाला लावली आणि पाण्याबरोबर तो खाली ढकलला. मग पोरीला छातीशी ओढून तिनं, तीन पावसाळे अडवून धरलेला, हंबरडा फोडला.

"मेला वं, सुभद्रे! माहा भगवंता मेला!"